मेहरूणच्या पाण्यातले टरबूज

लढाई संपली होती, पण धुळ्याहून शिंदखेड्याला जाणारी मोटार अजून कोळशावरच चालत होती. मागे बांधलेल्या भट्टीत क्लीनर सळई खुपसून निखारे ढवळी, मोटार दोन उचक्या देई, आणि आम्ही चौदा माणसे व एक बोकड असे थोडे पुढे सरकत असू. सोनगीरच्या चढावर तिने अंग टाकले. तांबटांची ठोकठोक गावातून ऐकू येत होती, आणि आम्ही सगळे खाली उतरून ढकलत होतो. मीही ढकलली. अंगात कोट होता, खिशात फाउंटन पेन होते. आमच्या घराण्यातला मी पहिला बी. ए., देवपुरातल्या शाळेत मुलांना भूगोल शिकवतो. पण मास्तरने ढकलायची नाही तर काय बोकडाने ढकलायची?

पेनाशेजारी दोन कागद होते. एक होते माझा चुलतभाऊ भटू याचे पत्र. दुसऱ्यावर मी एक भाषण लिहून काढले होते. ते कोणासाठी, ते पुढे येईलच.

भटू शिपाई आहे. चार वर्षांपूर्वी बैल विकत घ्यायला म्हणून धुळ्याच्या बाजारात आला आणि बैल न घेता पलटणीत भरती होऊन गेला. त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला चुलता, त्याला आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा तापीवर नाव चालवतो, आणि पाणी ओसरले की नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी करतो. त्याने निरोप पाठवला, "आते मी तुना संगे बोलाव नही" (आता मी तुझ्याशी बोलणार नाही). आबा शब्दाचा पक्का. भटू दोनदा रजेवर आला. दोन्ही वेळा आबा नाव घेऊन पल्याड गेला आणि रजा संपेपर्यंत वाळूतल्या झोपडीतच राहिला.

पत्रात भटूने वाकड्या अक्षरांत लिहिले होते: "भाऊ, शिवरात्र झाल्यावर जो शनिवार-रविवार येईल त्या दोन दिवशी जळगावला मेहरूणच्या तलावात आमच्या पलटणींचे सामने आहेत. पाण्यातला चेंडू, त्याला वॉटर पोलो म्हणतात. त्याच रविवारी पलटण सरहद्दीकडे निघते. रजा मिळणार नाही. आबांना आण. बोलले नाही तरी चालेल. दिसले पाहिजेत."

म्हणून मी निघालो होतो.

शिंदखेड्याहून बैलगाडीने गावी पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. आबा वाळूतच होता, उकिडवा बसून वेलाखालच्या फळाला गवताची चुंबळ देत होता. शेजारी जाऊन उभा राहिलो.

"आबा, जळगावले चाला."

"काय शे तठे?" (काय आहे तिथे?)

"भटूना खेळ शे. अख्ख्या हिंदुस्थानातल्या पलटणींचे सामने आहेत, त्यातली आपल्या विभागाची फेरी जळगावला होते आहे. जिंकतील ते पुढे मोठ्या सामन्यांना जातील."

"पानीमा चेंडू खेळस म्हने." आबाने चुंबळ नीट केली. "पानी काय खेळानी वस्तू शे?"

इथे मी खिशातले भाषण बाहेर काढले. बापलेकाचे नाते, बदलता काळ, लढाईतून जिवंत परत आलेला मुलगा असे त्याचे तीन भाग होते, आणि शेवटी एक संस्कृत सुभाषित होते. पहिले वाक्य निम्मे झाले असेल नसेल, आबा म्हणाला, "मास्तर, बाजूले सरक. येलवर पाय पडी ऱ्हायना तुना." मी वेलावरचा पाय काढला आणि कागद खिशात घातला.

सकाळी मात्र आबा धुतलेले धोतर नेसून, पागोटे बांधून, खांद्यावर पोते घेऊन गाडीजवळ उभा. पोत्यात तीन टरबुजे होती.

"अक्काले दी येऊ," तो म्हणाला. "पोरले यंदानं टरबूज भेटनं नही."

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला मेहरूणलाच दिली आहे, आणि तलाव तिच्या ओट्यावरून दिसतो. हे आबालाही माहीत होते, मलाही.

गाडी जुंपेपर्यंत मी काठावर उभा राहून टरबुजे नावेत चढवण्याचे काम बघितले. लहानपणी मीही ते केले आहे, पण इतक्या वर्षांनी परक्यासारखे बघायला मिळाले. भरलेली नाव वाळूवर रुतते, म्हणून ती खोल पाण्यात उभी करतात. वाळूपासून नावेपर्यंत माणसांची रांग लागते. पहिला गुडघाभर पाण्यात, मग कोणी कमरेइतक्या, कोणी छातीइतक्या, आणि शेवटच्याचे पाय तळाला लागतच नाहीत. तो नुसता पाय मारून जागच्या जागी उभा तरंगतो. एका हाताने पाणी दाबतो, दुसऱ्याने टरबूज झेलतो आणि तसेच नावेत देतो. झेलताना हात ताठ ठेवला की फळ तडकते. फळ येईल तसा हात मागे न्यायचा. आणि फेकणाऱ्याने असे फेकायचे की झेलणाऱ्याच्या हाताला वजन कळू नये. आमच्याकडच्या पोरांना चालता येऊ लागल्यावर दुसरी विद्या मिळते ती ही.

शिंदखेडा स्टेशनवर पॅसेंजर दीड तास उशिरा आली. डब्यात कापसाचे दलाल, अमळनेरच्या लग्नाला निघालेले एक वऱ्हाड आणि पायाशी आमचे पोते. नरडाणा गेले, बेटावद गेले. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याची नजर पोत्यावरून हलेना.

"काय शे पोतामा, भाऊ?"

"टरबूज."

"इकतस का?"

"इकानं नही. अंडेरनं शे" (विकायचे नाही, लेकीचे आहे).

अमळनेरला वऱ्हाड उतरताना धक्काबुक्कीत पोते लवंडले. एक टरबूज बाकाखालून गडगडत गेले आणि दाराच्या लोखंडी पट्टीवर आपटून दुभंगले. म्हातारा फलाटावरून परत चढला, "देवनीच मर्जी शे, भाऊ," म्हणत एक फोड उचलून गेला. उरलेले डब्याने खाल्ले. एका दलालाने बिया खिशात भरून घेतल्या.

धरणगाव सुटल्यावर आबाने खिडकीबाहेर बघतच विचारले, "चेंडू केवढा ऱ्हास?"

मी दोन्ही हातांनी दाखवले.

"मंग धाकला टरबूजएवढा."

"कातड्याचा असतो. पाणी पिऊन जड होतो म्हणतात."

आबाने पोत्यातले एक टरबूज हाताने चाचपून पाहिले.

अक्काने ओट्यावरूनच हाक मारली. एक टरबूज तिने आल्याआल्या कापले, दुसरे गारव्याला रांजणाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून तलावावर जत्रा लोटली. मेहरूणचा तलाव मोठा, पलीकडचा काठ धुरकट दिसतो. पुण्याच्या तरणतलावाचे काम निघाले आहे, आणि जळगाव हे महू, देवळाली, नगर सगळ्यांनाच आगगाडीने सोयीचे, म्हणून सामने इथे आले, असे एका शिपायाने सांगितले. अलीकडच्या काठाला घासलेटाचे रिकामे डबे दोरीला बांधून पाण्यात चौकोन आखला होता. दोन टोकांना पिंपांवर तरंगणाऱ्या लाकडी चौकटी, त्यांना जाळी. हे गोल. पंच एक गोरा कप्तान होता. तो बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, फळ्यांच्या तराफ्यावर शिट्टी घेऊन उभा. बाया पाट्यांतून मेहरूणची बोरे विकत होत्या. हंगाम सरत आला होता, पण त्या बोरांची गोडी शेवटच्या पाटीपर्यंत टिकते.

माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "इंग्रजांचे नोकर पोहताहेत आणि तुम्ही सुशिक्षित माणसं बघायला येता."

"माझा भाऊ आहे त्यात," मी म्हटले.

"असं होय." त्यांनी टाचा उंचावल्या. "कोणता?"

"निळी टोपी, चार नंबर."

पुढे सगळा वेळ ते माझ्याही आधी चार नंबरवर बोट ठेवत होते.

आबा पुढे यायला तयार झाला नाही. मागे एका बाभळीशी पाठ टेकून, अक्काजवळ उभा राहिला. मी पुस्तकात वाचून आलेले नियम त्याला सांगितले. एका बाजूला सात गडी, गोलरक्षकाशिवाय कोणी दोन हातांनी चेंडू धरायचा नाही, आणि शिट्टी वाजली की जो जिथे असेल त्याने तिथेच थांबायचे.

"बुडी ऱ्हायना व्हई तरी?" (बुडत असेल तरी?)

पुस्तकात ते लिहिलेले नव्हते.

पहिला सामना देवळालीच्या संघाशी होता. पाण्यात चौदा टोप्या आणि मध्ये एक चेंडू, बाकी सगळा फेस. सुरुवातीला मला काहीच कळेना. मग लांबून फेकलेला एक चेंडू भटूकडे आला. त्याने उजवा हात वर केला, चेंडू हाताला लागला तसा हात मागे गेला, आणि चेंडू तळव्यावर बसला. आवाजसुद्धा झाला नाही. काठावरचे लोक "वा!" म्हणाले. मी मागे वळून पाहिले. आबा बाभळीपासून दोन पावले पुढे आला होता.

भटूच्या हातून चेंडू कधी निसटला नाही. त्याने दिलेला चेंडू ज्याला दिला त्याच्या हातात जाऊन बसे. दोन गोल त्याच्या अशा देण्यावर झाले. पण तो स्वतः गोलासमोर मोकळा सापडला की चेंडू असा काही फेकी की गोलरक्षकाने तो आरामात, जावयाने ताट घ्यावे तसा घ्यावा. तीनदा तसे झाले. काठावरून त्यांचा हवालदार, एक दांडगा पंजाबी, गुडघ्यांवर हात मारून ओरडत होता, "मार, भटू, मार! परोसता क्या है!" लोक हसले. आबा हसला नाही.

सामना त्यांनी तीन विरुद्ध दोन असा जेमतेम जिंकला. अंगावर टॉवेल घेऊन भटू धावत वर आला. चार वर्षांत खांदे रुंदावले होते, गालावर एक व्रण होता. आबासमोर येऊन तो वाकला, पायांना हात लावला आणि तसाच उभा राहिला. केसांतून पाणी गळत होते.

आबा तलावाकडे बघत होता. "अक्का," तो म्हणाला, "घर चाल. ऊन लागी ऱ्हायनं."

भटूने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे असू दे. मग हवालदाराने हाक मारली आणि तो गेला. मला आबाचा राग आला. खिशातले भाषण तिथेच, सगळ्या लोकांसमोर, वाचून दाखवावे असे वाटले.

संध्याकाळी अक्काने अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली. जळगावची ती हिरवी, लांबट वांगी. त्यांचे भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली) आणि वर कच्चे तेल. असे जेवण मला धुळ्यातही मिळत नाही, हे देवपूरकरांनी रागावू नये. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा आबाची पहिली तशीच होती.

"काबर जेवतस नही, आबा?" अक्काने विचारले.

आबाने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "आठ वरीसना व्हता तो," तो म्हणाला. "नाव भराले पहिल्यांदा रांगमा उभा करा. पोऱ्यानी जोरमा फेकं. टरबूज फुटनं. मी त्याना कानफटात मारी. बठ्ठा (सगळ्या) लोकेसना सामने." त्याने ताट जरा सारले. "तवयपाइन (तेव्हापासून) त्यानी कधी जोरमा फेकं नही. आज दखं (बघितले) मी. तीन डाव."

चुलीतल्या काड्या तडतडत होत्या.

"मंग सांगा ना त्याले," अक्का म्हणाली.

"त्याना संगे मी बोलस नही."

अक्का उठली. आमची अक्का शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिच्यापुढे मी वादाला उभा राहत नाही. रांजणाशी ठेवलेले टरबूज तिने उचलून आणले आणि आबाच्या ताटाशेजारी ठेवले.

"नका बोलू," ती म्हणाली. "हाई मी कापं नही अजून."

रविवारी मला जाग आली तेव्हा आबाचे अंथरूण घडी करून ठेवलेले होते, आणि टरबूज नव्हते. मी सदरा अडकवत तलावाकडे पळालो.

संघ सरावाला पाण्यात उतरला होता. पाण्यावर अजून वाफ होती. आबा टरबूज काखेत धरून काठावर पोचला होता आणि एक शिपाई त्याला अडवत होता, "बाबा, किधर?" आबाने त्याच्याकडे बघितलेही नाही. पागोटे काढून त्याच्याच हातात दिले, धोतर वर खोवले, वाकून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले, आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला.

"झेल!"

भटू पंचवीस हात लांब असेल. त्याने वळून बघितले आणि त्याच क्षणी टरबूज निघाले. आबाचे वय साठीच्या पुढचे, पण ते फळ हवेतून असे गेले की जणू कोणी नेऊन ठेवत आहे. भटूचा हात वर आला, मागे गेला. टरबूज तळव्यावर. पाय तळाला नाहीत, डोळे बापावर. सगळा संघ थांबला, शिट्टी वाजल्यासारखा.

"आते फेक," आबा म्हणाला. "तठे." त्याने गोलाच्या चौकटीकडे बोट दाखवले. "जोरमा."

भटूने टरबुजाकडे बघितले. "फुटी जाई, आबा."

"फुटू दे."

"आबा, यंदानं पहिलं शे..."

"फुटू दे म्हनस ना!" आबा ओरडला. मग आवाज खाली आला. "तवय मीच चुकनू. फेक."

भटूने हात मागे नेला. छातीपर्यंत पाण्याबाहेर आला आणि फेकले. टरबूज चौकटीच्या उभ्या लाकडावर फाडकन फुटले, पिंपे हलली, आणि लाल फोडी सगळ्या पाण्यावर पसरल्या. हवालदार काठावर नाचायलाच लागला. "शाबाश! बाबाजी, एक और है क्या?" दुसरे नव्हते. पाच शिपाई आणि गोलरक्षक फोडी गोळा करत, बिया एकमेकांच्या अंगावर थुंकत पोहू लागले. भटू तेवढा काठाकडे आला. बापलेक कमरेइतक्या पाण्यात समोरासमोर उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही, आणि मी पुढे गेलो नाही. पागोटे धरलेल्या शिपायाने मला विचारले, "बाप है?" मी हो म्हटले. त्याने पागोटे आणखी नीट धरले.

दुपारच्या सामन्यात महूचा संघ समोर होता. आमच्या वाचकांना वाटत असेल की आता हे जिंकले. नाही जिंकले. महूकडे ताडासारखे दोन गोरे गडी होते, त्यांच्या हातांना अंतच नव्हता. पाच विरुद्ध चार अशा गोलांनी आपली बाजू हरली. पण त्या चारांतले दोन भटूचे. दुसरा तर असा, की जाळी एका बाजूने सुटून पाण्यात लोंबू लागली, आणि कप्तानाला ती बांधेपर्यंत खेळ थांबवावा लागला. टोपीवाले गृहस्थ टोपी हातात घेऊन उड्या मारत होते. आबा आज अगदी पुढे, दोरीशी, पाय पाण्यात सोडून बसला होता. हरल्यावर हवालदाराचे डोळे भरले. आबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अहिराणीत त्याला काहीतरी समजावले. हवालदाराने पंजाबीत काहीतरी उत्तर दिले. दोघांचे पटले असावे.

त्याच संध्याकाळी जळगाव स्टेशनवर पलटणीची गाडी उभी होती. निरोपाला फार वेळ मिळाला नाही. भटू डब्याच्या दारात उभा, आबा खाली. गाडी हलली तेव्हा आबा एवढेच म्हणाला, "पानीले नमस्कार करत जाय."

"करस, आबा."

आमची पॅसेंजर सकाळची होती. आबा खिडकीशी बसला. रिकाम्या पोत्याची घडी मांडीवर. धरणगाव आले तसे त्याने विचारले, "सरहद्दीवर नदी शे का?"

हा माझा विषय. मी सिंधू सांगितली, काबूल नदी सांगितली, दोघी कुठे मिळतात ते सांगितले.

"मोठी शे?"

"सिंधू तापीपेक्षा बरीच मोठी."

"मंग बरं शे," आबा म्हणाला आणि अमळनेरपर्यंत झोपला.

मी पदवी घेतली तेव्हा गावाने माझी मिरवणूक काढली होती. तेव्हापासून घरातले काहीही अडले की माझ्याकडे येतात, आणि मलाही वाटू लागले आहे की शब्दांनी सगळे सुटते. त्या दोघांच्या मधली चार वर्षांची गाठ सोडवायला मी तीन भागांचे भाषण घेऊन निघालो होतो. ते अजून कोटाच्या खिशात आहे, धुण्यात जाऊन त्याचा लगदा झाला आहे. सुभाषिताची शेवटची ओळ तेवढी वाचता येते.

शिंदखेड्याला उतरल्यावर आबाने मला पोस्टात नेले आणि एक कार्ड घ्यायला लावले.

"लिही, मास्तर."

मी पेन उघडले. मायना घातला. "पुढे काय लिहू?"

आबाने कार्डावरच्या माझ्या अक्षरांकडे बघितले. मग म्हणाला, "लिही, टरबूजनी फोड तुले भेटनी का? का बठ्ठी त्या पलटनवाल्यासनीच खाई टाकी?"

"आणखी?"

"तेवढंच."

मी तेवढेच लिहिले, त्याच्याच शब्दांत, आणि कार्ड पेटीत टाकले.